श्वास मोजणाऱ्या बाई

१९९४ साल. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होतो, पण छातीनं तिशीतला. खाऱ्या जमिनीत भात लावून आणि मिठागरावर फावडं मारून उमर काढलेला माणूस. शाळा तिसरीपर्यंत. करावे गावात आमच्या आळीत पहिलं स्लॅबचं घर माझं, हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या घरापायी झालं.

त्या वर्षी आमच्या वरच्या खोलीत एक बाई भाड्यानं राहायला आल्या. नेरूळच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवायच्या. सांगलीकडच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, लग्न न केलेल्या. नाव लिहीत नाही. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणायचो.

खोली दाखवायला मी वर घेऊन गेलो. भाडेकरू आधी विचारतो, नळाला पाणी किती वेळ येतं. ह्यांनी विचारलं, "खिडक्या किती?"

"दोन."

"समोरासमोर आहेत का?"

"खिडक्या काय नवरा-नवरी हायत, समोरासमोर बसवायला?"

बाई हसल्या नाहीत. एका खिडकीशी गेल्या, पदराचं टोक चिमटीत धरून उभ्या राहिल्या. ते जरासं हललं तेव्हा म्हणाल्या, "घेते."

मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही आतल्या बाजूला बांधलेलं. उभं राहावं कुठेही, बसच्या रांगेत, भाजीवालीपुढे, आमच्या ओट्यावर, त्यांचे डोळे समोरच्या माणसाच्या छातीवर. बायका आधी बिचकल्या, पुरुषांना भलतंच वाटलं. नाक्यावरच्या भाजीवालीनं एकदा सरळ विचारलं, "बाई, मानूस पसंत करताव का काय?" बाई घड्याळावरून नजर न काढता म्हणाल्या, "तुझ्या बाजूला बसलाय तो मिनिटाला अठ्ठावीस श्वास घेतोय. घरी ने त्याला, ताप येणार." बाजूला बसलेला तिचा नवरा. संध्याकाळपर्यंत तो तापानं फणफणला.

झालं. गावात पसरलं, बाईंनी मोजलं की माणूस आजारी पडतो. बाप्ये त्यांना बघून खांद्यावरचा टॉवेल छातीवर ओढायला लागले. आणि माझी बायको, ती तर बाई जिना उतरायला लागल्या की श्वास धरून उभी राहायची. त्या फाटकाबाहेर गेल्या की मग सोडायची. मला वाटायचं तीही इतरांसारखी घाबरते. बाई मला एकदा म्हणाल्या, "दादा, वहिनी माझ्यासमोर श्वास धरतात. लपवण्यासारखं काहीतरी असल्याशिवाय माणूस श्वास लपवत नाही."

"बाई, तुमी भाडेकरू हाव. भाडेकरूसारखं रावा."

"राहते की," म्हणाल्या आणि जिन्यातली खिडकी उघडून गेल्या. जिथं जातील तिथली खिडकी उघडायच्या. आमच्या आळीत त्यांनी उघडलेल्या खिडक्या त्यांच्या पाठीमागे बंद करत जाणं हे बायकांचं एक कामच होऊन बसलं होतं.

त्यांचं एक बोलणं ठरलेलं. कोणी तणतणत आलं, रडत आलं, धावत काही सांगायला आलं, की हात वर करून म्हणायच्या, "आधी सोडा, मग बोला." म्हणजे आतला श्वास सोडा. माणसानं फूऽऽ करून सोडला की त्याचं निम्मं भांडण तिथंच जायचं. माझ्यावर त्यांनी हे कितीदा वापरलं त्याची गणती नाही. मी मात्र मुद्दाम सोडायचो नाही. त्यामुळे माझं भांडण पुरं व्हायचं.

तोंड उघडं टाकून बसलेला पोरगा दिसला की थांबून सांगायच्या, "तोंड जेवायला आहे. नाक हवा गाळतं, गरम करतं, ओली करतं. तोंडानं घेतलीस तर धूळ थेट आत." आमची पोरं त्यांच्या पाठीमागे नाक फुगवून चालायची. बाईंना ठाऊक होतं. चालू दे, निदान नाकानं घेतायत, असं म्हणायच्या.

आता बायकोचं सांगतो. ती धवलारीण होती. आमच्यात लग्न लागायचं तर धवले गाणारी बाई लागते. देवांना बोलावणं तिनं गाऊन करायचं, नवरीला पाटावर बसवायचं तेही तिच्या गाण्यावर. ती ओळ म्हणते, बाकीच्या बायका मागून उचलतात. करावे, सारसोळे, दारावे, कुठंही लग्न असो, आमच्या घरी नारळ घेऊन माणूस यायचा. तिच्या आईनं तिला शिकवलं होतं की एक ओळ एका श्वासात म्हणायची, मध्ये तोडायची नाही. तोडली तर देव अर्ध्या वाटेवरून माघारी फिरतो. बायकोनं तीस वर्षं ओळ तोडली नव्हती. मला तिच्या गळ्याचा अभिमान होता. तिच्यासमोर कधी बोललो नाही, ही गोष्ट वेगळी.

एका रविवारी बाईंनी ओट्यावर खेळ मांडला. पाच लिटरचा कॅन, त्याच्यावर नेलपॉलिशनं अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या रेघा. कॅन पाण्यानं काठोकाठ भरून टबात उलटा धरलेला, त्याच्या खालच्या तोंडातून आत रबरी नळी. म्हणाल्या, "पोटभर श्वास घ्या आणि नळीत सोडा. जेवढी हवा आत जाईल तेवढं पाणी खाली उतरेल." आळीतले सगळे तरणे जमले. कोणी सहा रेघा उतरवल्या, कोणी सात. माझा पुतण्या जिममध्ये जायचा, त्यानं साडेसात उतरवल्या आणि दंड दाखवले.

मी लुंगी खोचली, बसलो आणि आठव्या रेघेखाली नेलं पाणी. अठ्ठावन्नाव्या वर्षी! पुतण्या म्हणाला, "काका, नळीत पादलाव का काय?" सगळी आळी हसली. बाईंनी वहीत लिहिलं आणि मला म्हणाल्या, "मिठागराची छाती." त्यांच्या तोंडून मला मिळालेली ती एकच शाबासकी.

मग बायकांनी माझ्या बायकोला पुढे ढकललं. "जा गो, धवलारीन हाय तू, कॅन फोरशील!" ती नाही-नाही करत बसली. नळी तोंडात घेतली, फुंकली. पाणी तीन रेघांच्या खाली गेलं नाही. परत फुंकली, तेवढंच. बायका हसल्या, लाजते म्हणाल्या. मीही हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वही मिटली, कॅनमधलं पाणी तुळशीला घातलं आणि खेळ संपला म्हणाल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी बकऱ्याचं फोपसं आणलं. बाई स्वतः शाकाहारी, कांदा खातील तेवढाच. पण नेरूळच्या मटणवाल्याशी त्यांची ओळख होती. मुलांना दाखवायला बकऱ्याची फुप्फुसं श्वासनळीसकट आख्खी कापून ठेव, म्हणून सांगून ठेवायच्या. तो सगळ्यांना सांगायचा, "बाई खात नाय, पन सगळ्यात बारीक नजर त्यांचीच. जरा भोक असलं तरी परत करतात." ह्या वेळी कॉलेजला न नेता स्टीलचा डबा घेऊन त्या आमच्या स्वयंपाकघरात आल्या. पाट घेतला. डबा उघडला. बायकोला जवळ बसवलं.

मी दारात उभा होतो. श्वासनळीवर गोल-गोल कडी, पाण्याच्या जाड पाइपासारखी. बाई म्हणाल्या, ही कडी आहेत म्हणून नळी चेपत नाही. पुढे तिला दोन फाटे, फाट्याला फाटे, उलटं धरलेलं झाड जसं. त्यांनी नळीत सायकलचा पंप बसवला आणि हळू दाबला. ते मेलेलं, काळपट, लोळागोळा झालेलं मांस फुगत-फुगत गुलाबी झालं आणि डब्याबाहेर आलं. बायकोनं "बाय माजे" म्हणून तोंडावर हात धरला. पंप काढला तसं ते आपोआप खाली बसलं.

"फांद्यांच्या टोकाला काय असतं सांगू? वहिनी, तुम्ही गाबोळी साफ करता ना? तशी. माशाच्या अंड्यांचे घोस असतात तसे हवेच्या बारीक फुग्यांचे घोस. एका छातीत कोटींनी. हवेतलं चांगलं रक्तात जातं ते तिथं, रक्तातलं वाईट बाहेर येतं तेही तिथं. पसरून वाळत घातले तर तुमच्या लग्नाच्या मांडवाएवढी जागा झाकतील." मग मान वर करून छताकडे बघितलं. "आणि हे बघा."

वर स्लॅब काळा पडला होता. चुलीच्या डोक्यावर तर डांबर ओतल्यासारखा.

खरं सांगतो, तोपर्यंत मी त्या स्लॅबकडे खालून कधी बघितलं नव्हतं. वर उभं राहून बघत होतो. आमचं जुनं घर कुडाचं, कौलारू. चूल तीच, खाडीतल्या तिवराचं लाकूड तेच, पण धूर कौलांतून निघून जायचा. सकाळी लांबून बघितलं तर आख्खं गाव छपरातून वाफाळायचं. मी कौलं उतरवली, स्लॅब टाकला आणि चूल आणून आत बसवली तशीच. मागच्या बाजूला भावाची भिंत दोन हातावर. एक खिडकी ठेवली होती, ती बायको बंद ठेवायची, मांजरं येऊन सुके बोंबील पळवतात म्हणून. गॅस होता घरात, पण तो पुढच्या खोलीत, पाहुण्यांच्या चहाला. तांदळाची भाकरी गॅसवर मला चालत नव्हती. गॅसच्या भाकरीला वास येतो, असं मी ठरवलं होतं. कधी खाल्ली नव्हती.

"दादा, घर बदललंत, चूल नाही बदलली," बाई म्हणाल्या. "धूर जातो कुठं? वहिनींच्या छातीत."

"माझी आय चुलीपुढं ऐंशी वर्षं जगली."

"कौलांखाली."

मी आवाज चढवला. "माझ्या घरात मेलेल्या बकऱ्यात वारा भरताव, आनि मना शिकवताव? महिना भरला का खोली खाली करा!"

"आधी सोडा, मग बोला."

"नाय सोडत!"

बाईंनी डबा बंद केला आणि वर गेल्या. बायको मला काही बोलली नाही. तिला बोलायला आणि भाकरी थापायला, दोन्हीला एकदम श्वास पुरत नव्हता हे मला तेव्हा दिसायला हवं होतं.

दोन दिवसांनी त्या तिला रिक्षात घालून छातीच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या, मला न विचारता. परत आल्यावर बायको हसत सांगत होती, डॉक्टरनं विचारलं, विडी ओढता का? मी भडकलो. माझ्या बायकोला विडी विचारतो? कागद दे इकडं. तिनं दिला नाही. तांदळाच्या पिठाच्या डब्यात ठेवून दिला. मी पिठाच्या डब्याला हात लावणार नाही हे तिला माहीत होतं.

महिना भरायला आला, आणि मध्ये पुतणीचं लग्न आलं. भावाच्या दारातच मांडव. धवलारीण कोण, हे विचारायचाही प्रश्न नव्हता. बाईंनी बायकोला सांगितलं, ओळ मध्ये तोडा, दोन श्वासांत म्हणा. बायको म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या, पन ह्ये तुमचं काम नाय. तोरलेली ओळ देवाला पोचत नाय."

लग्नाच्या दिवशी सकाळी नवरीला पाटावर बसवली. बायको हिरव्या लुगड्यात, बायकांच्या मधोमध. पहिल्या चार-पाच ओळी गेल्या. मी मांडवाच्या खांबाशी उभा होतो. मग एका ओळीत मध्येच आवाज गेला. दिवा जातो तसा नाही, पाणी आटतं तसा. आधी बारीक, मग नुसता वारा, मग काहीच नाही. ओठ हलत होते. मागून ओळ उचलायला तोंडं उघडून बसलेल्या बायका तशाच राहिल्या. एवढ्या मोठ्या मांडवात फक्त पंख्याचा आवाज. तिच्या ओठांचा रंग मी बघितला, जांभळा. गळ्याच्या शिरा ताणलेल्या, खांदे वर-खाली, हवा आत ओढतेय, ओढतेय, आणि काही होत नाही.

मी तिच्याकडे दोन पावलं टाकली आणि थांबलो. काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. आठ रेघांची छाती घेऊन मी नुसता उभा.

बाई गर्दीतून आल्या. तिला पुढे झुकवून बसवलं, हात गुडघ्यांवर ठेवायला लावले. स्वतः समोर मातीत बसल्या, चांगल्या साडीत. "वहिनी, घेऊ नका. आधी सोडा. चुलीला फुंकर घालता तशी, ओठ बारीक करून. हळू. आणखी. सगळी जाऊ दे." स्वतः करून दाखवत होत्या. फूऽऽ. फूऽऽ. बायकोची नजर त्यांच्या ओठांवर. किती वेळ गेला, मी मोजला नाही, बाईंनी मोजला असेल. हळूहळू ओठांचा रंग परतला. तेवढ्यात एका म्हातारीनं राहिलेली ओळ उचलून पुरी केली, म्हणून लग्न थांबलं नाही. पण बायको पदर तोंडावर घेऊन बसली ती मांडव सुटेपर्यंत. रडली ती श्वासासाठी नाही, ओळीसाठी.

दुपारी मी तिथून निघालो आणि खाडीकडच्या जुन्या बांधावर जाऊन बसलो. तिथं आमच्या शेताची उघाडी होती. शेतं सरकारनं कधीच घेतली, भराव पडला, पण ते लाकडी दार अजून चिखलात उभं होतं. थोड्या वेळानं बाई चप्पल हातात घेऊन बांधावरून येताना दिसल्या. मी म्हटलं आता ऐकवणार. त्यांनी विचारलं, "हे काय आहे?"

मी सांगत बसलो. ह्या बाबतीत मला कोणी शिकवू शकत नाही. भरती आली की बाहेरचं पाणी दार दाबून बंद करतं, खारं पाणी शेतात येत नाही. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी दार ढकलून बाहेर जातं. दिवसाला दोनदा. मी तीस वर्षं ही उघाडी सांभाळली.

"आणि दार गाळानं बुजलं तर?"

"आतलं पानी आतच. वरून पुना पाऊस परला तर मावनार कुठं? भात कुजतं."

बाईंनी त्या दाराकडे बोट केलं. "दादा, वहिनींच्या छातीत हेच झालंय. धुरानं त्या बारीक नळ्या सुजून अरुंद झाल्यात. हवा आत येते, पण पुरी बाहेर पडत नाही. कालचं पाणी आत असताना त्या आजचं ओढायला बघतात. त्यांना वाटतं घेता येत नाही. खरं तर सोडता येत नाही."

मी त्या दाराकडे बघत बसलो. माणसाच्या छातीबद्दल आयुष्यात कोणी मला असं सांगितलं नव्हतं, आणि मला ते एका दमात कळलं.

"गाळ कारता येईल का?"

"औषधानं नळ्या थोड्या मोकळ्या होतील. पण गाबोळी फुटली ती फुटली. ती परत येत नाही. उरलीय ती वाचवायची, एवढंच हातात आहे. धूर रोज तिला खातोय."

मग खाडीकडे बघत, आवाज न बदलता म्हणाल्या, "माझी आई चुलीपुढं गेली. अशीच, ओढत-ओढत. त्या दिवशी माझा पेपर होता. श्वसनसंस्थेची आकृती काढा आणि भागांना नावं द्या. मी सगळी नावं बरोबर दिली, पैकीच्या पैकी मिळाले. घरी आले तर तिला खाली घेतलं होतं." चप्पल झटकली. "महिना परवा भरतो. खोली खाली करते."

मी श्वास सोडला. लांब. त्यांनी बघितलं, पण मोजला नाही.

"खोलीचं नंतर बगू," मी म्हटलं.

बाई पुढे चार वर्षं आमच्याकडे राहिल्या. रोज सकाळी जिन्यावर बसून बायकोकडून फुंकणी फुंकून घ्यायच्या, समोर पणती ठेवून. ज्योत वाकली पाहिजे, विझता कामा नये. जी फुंकणी तिनं जन्मभर चुलीत घातली तीच. अजून भिंतीला आहे. वहीत धवल्यांच्या ओळी उतरवून बाईंनी श्वासाच्या जागी टिंबं काढली. बायको महिनोन् महिने त्या वहीकडे ढुंकून बघायची नाही. मग एका लग्नात तिनं टिंबापाशी थांबून श्वास घेतला आणि पुढे म्हटलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. घरी येऊन मला म्हणाली, "देव थांबला वाटतं वाटेत, माज्यासाठी." बाईंनी सांगितलेलं खरं होतं, गेलेलं परत आलं नाही. जिना तिला कधीच एका दमात चढवला नाही. पण ती त्यानंतर अकरा वर्षं जगली, त्यातली सात गायली. बाई निवृत्त होऊन गावी गेल्या. जाताना सगळ्या खिडक्या उघड्या टाकून गेल्या. त्या खोलीच्या खिडक्या मी अजून लावत नाही.

पण हे सगळं नंतरचं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहार घेऊन स्वयंपाकघरात गेलो. बायको चूल सारवायला बसली होती. पहार बघून उठली. "अवं, काय करताव? चूल हाय ती! लक्ष्मी हाय!"

मी हात जोडले, चुलीच्या पाया पडलो. मग पहार घातली. चौथ्या घावाला चुलीची माती सुटली. ती कोपऱ्यात उभी राहून रडत होती आणि माझ्या आईचं नाव घेत होती, कारण ती चूल माझ्या आईनं घातलेली. मी माती घमेल्यात भरून बाहेर टाकली, खिडकी उघडली, पुढच्या खोलीतला गॅस उचलून आत आणला आणि पाटावर बसलो.

"भाकरी टाक."

"गॅसवर? तुमाला चालत नाय."

"टाक."

तिनं डोळे पुसले, पीठ मळलं, भाकरी टाकली. ताटात वाढली आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली. मी घास घेतला. खोटं कशाला सांगू, भाकरीला चव नव्हती. मी तीन खाल्ल्या.